स्लीप ॲप्नियाचे निदान झाले, मशीन अजून आले नाही : इंजेक्शनच्या बातम्या आणि मधले आठवडे

गेल्या काही महिन्यांपासून माझ्या ओपीडीत एक प्रश्न वारंवार येतो. स्लीप स्टडी झालेली असते, रिपोर्टवर 'सिव्हिअर ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' असे लिहिलेले असते, छातीविकारतज्ज्ञांनी सीपॅप मशीन सांगितलेले असते आणि पेशंट ते रिपोर्ट घेऊन माझ्याकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरकडे येतो. "डॉक्टर, आता याच्यावर इंजेक्शन आलंय म्हणे. मग ते मशीन कशाला घ्यायचं? थोडं थांबलं तर चालेल का?"

असाच एक पेशंट अठ्ठेचाळीस वर्षांचा. स्वतःचा टेम्पो आहे, भाजीपाला भरून रात्री निघायचे आणि पहाटे वाशीच्या मार्केटला पोहोचायचे, असा वीस वर्षांचा धंदा. वजन १०४ किलो, बीपीच्या दोन गोळ्या चालू, तरी बीपी आटोक्यात नाही. रिपोर्टमध्ये एएचआय ४२ आणि झोपेतील सर्वांत कमी ऑक्सिजन ७१ टक्के. त्यांच्या पत्नी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "ज्या दिवशी हे घरी असतात, त्या रात्री मी यांच्या नाकाशी बोट धरून बसते. श्वास थांबला की हलवते." आणि पेशंटचे म्हणणे असे, की दिवाळीचा सीझन होऊन जाऊ दे, मग बघू मशीनचे. तोपर्यंत इंजेक्शनही स्वस्त होईल.

हा लेख अशाच लोकांसाठी आहे. निदान झाले आहे, उपचार सुरू व्हायचे आहेत, आणि मधल्या काळात काय करायचे ते कोणी नीट सांगितलेले नाही. या मधल्या काळाला पेशंट 'थांबणे' म्हणतात, पण आजार काही थांबलेला नसतो.

बातम्यांत नेमके काय आहे?

स्लीप ॲप्निया हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले आणि त्यांच्या डॉक्टरांनी कारणांमध्ये ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचा उल्लेख केला. त्यानंतर 'घोरण्याने माणूस दगावतो का?' हे विचारायला बरेच लोक आले.

२०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी भारतातील आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजानुसार भारतातील प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के, म्हणजे साधारण १० कोटी ४० लाख लोकांना हा आजार असावा. त्यांतील जवळपास ४ कोटी ७० लाख लोकांचा आजार मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा आहे. यातील बहुतेकांचे निदानच झालेले नाही. तुमचे झाले आहे, म्हणजे एक मोठा टप्पा तुम्ही ओलांडला आहे.

तिसरी बातमी इंजेक्शनची. २० डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या एफडीएने टिर्झेपाटाइड हे वजन कमी करणारे औषध लठ्ठपणा असलेल्या प्रौढांतील मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मंजूर केले. या आजारासाठी मंजूर झालेले हे पहिलेच औषध. मार्च २०२५ मध्ये हेच औषध 'मौंजारो' या नावाने भारतात मधुमेह आणि वजनासाठी बाजारात आले. दोन्ही बातम्या एकत्र वाचल्या की 'मशीन गेले, इंजेक्शन आले' असा अर्थ निघतो. तो अर्थ बरोबर आहे का, हे पाहण्याआधी आपला रिपोर्ट समजून घेऊ.

रिपोर्टमधील आकडे कसे वाचायचे?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हे सगळ्यांचेच होते. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे, मानेभोवती चरबी आहे, जबडा मागे आहे किंवा टॉन्सिल मोठे आहेत, त्यांच्यात ही सैल पडलेली नळी चिकटते. छाती श्वास ओढत राहते, पण हवा आत जात नाही. ऑक्सिजन खाली येतो, मेंदूला धोक्याची सूचना जाते आणि तो तुम्हाला क्षणभर जागे करतो. घसा उघडतो, मोठा घुरका येतो, श्वास सुरू होतो. सकाळी यातले काहीच आठवत नाही. पण रात्री शंभर-दोनशे वेळा असे झाले, तर आठ तास झोपूनही माणूस न झोपल्यासारखा उठतो.

एएचआय म्हणजे दर तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा फारच उथळ झाला, याची सरासरी. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ टिकलेला प्रसंगच यात मोजतात.

– ५ पेक्षा कमी : सामान्य
– ५ ते १५ : सौम्य
– १५ ते ३० : मध्यम
– ३० किंवा अधिक : तीव्र

पण केवळ एएचआयवर जाऊ नका. झोपेत ऑक्सिजन किती खाली गेला आणि ९० टक्क्यांच्या खाली किती वेळ राहिला, हेही बघावे लागते. शिवाय तुम्हाला दिवसा किती पेंग येते, बीपी कसे आहे, हृदयाचा आजार आहे का, यावर घाई किती करायची ते ठरते. एएचआय १८ असलेला, पण गाडी चालवताना डुलकी लागणारा माणूस माझ्या लेखी एएचआय ३५ असलेल्या, दिवसा ताज्यातवान्या माणसाइतकाच तातडीचा आहे.

इंजेक्शनचा हिशेब

ज्या अभ्यासावर एफडीएची मंजुरी आधारलेली आहे, तो जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४६९ जण होते, सगळे लठ्ठ, आणि सरासरी एएचआय तासाला पन्नासच्या आसपास. वर्षभर इंजेक्शन घेतल्यावर मशीन न वापरणाऱ्या गटात एएचआय सरासरी २५ ने कमी झाला. खोट्या इंजेक्शनच्या गटात तो पाचच्या आसपास कमी झाला. इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे ४० ते ५० टक्के लोकांचा आजार इतका उतरला की त्यांना कदाचित मशीनची गरजही उरणार नाही. हा निकाल चांगला आहे आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे.

आता याच आकड्यांची दुसरी बाजू पाहा.

एक, पन्नासमधून पंचवीस गेले की पंचवीस उरतात, आणि पंचवीस म्हणजे मध्यम आजार. निम्म्याहून अधिक लोकांना वर्षभरानंतरही काही ना काही उपचार लागणारच.

दोन, हा परिणाम एका वर्षाचा आहे. औषधाचा डोस हळूहळू, दर चार आठवड्यांनी वाढवतात. अभ्यासातील १० किंवा १५ मिलिग्रॅमच्या डोसपर्यंत पोहोचायलाच तीन ते पाच महिने लागतात. सीपॅप मशीन मात्र, मास्क नीट बसला तर, पहिल्याच रात्री श्वास मोकळा ठेवते.

तीन, पैसे. भारतात आले तेव्हा या औषधाच्या २.५ मिलिग्रॅमच्या एका आठवड्याच्या कुपीची किंमत ३,५०० रुपये आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपये होती. त्या भावाने पहिला महिना १४,००० आणि पुढचे दोन महिने प्रत्येकी १७,५०० धरले, तर तीन महिन्यांचे ४९,००० रुपये होतात. एवढ्यात चांगले ऑटो सीपॅप मशीन येऊ शकते आणि ते काही वर्षे चालते. 'मशीन महाग म्हणून इंजेक्शन' हे गणित म्हणूनच जमत नाही. आणि इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचे वजन पुन्हा वाढू लागते.

चार, हे औषध सगळ्यांसाठी नाही. ज्यांना स्वादुपिंडाला सूज येऊन गेली आहे, घरात थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कॅन्सरचा इतिहास आहे किंवा गर्भधारणा हवी आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय याचा विचारही करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि सडपातळ माणसाला जबड्याच्या ठेवणीमुळे ॲप्निया असेल, तर वजनाच्या इंजेक्शनचा त्याला उपयोग नाही. आपल्याकडे असे पेशंट कमी नाहीत.

मग माझे उत्तर काय? वजन जास्त असेल आणि परवडत असेल, तर इंजेक्शनबद्दल तुमच्या तज्ज्ञांशी जरूर बोला. पण मशीन आज सुरू करा. वजन उतरल्यावर पुन्हा स्लीप स्टडी करून मशीन काढता येते का ते ठरवू. या दोन उपचारांत निवड करायची नाही, क्रम लावायचा आहे.

मशीन का लांबते?

इंग्लंडसारख्या देशांत सरकारी यंत्रणेच्या प्रतीक्षायादीमुळे उशीर होतो. आपल्याकडेही सरकारी रुग्णालयांत स्लीप लॅबच्या तारखा लांब असतात. पण खासगीत तपासणी झालेल्यांचे मशीन बहुतेक वेळा घरातच अडते. पैसे जमवायचे असतात, विम्याचे कळत नसते, थोरल्या भावाचे मत पडते की 'एकदा मशीन लागलं की सुटत नाही', आणि लग्नसराई, पेरणी, मुलांची परीक्षा असे काही ना काही मध्ये येते.

सवयीच्या भीतीबद्दल आधी बोलू. चष्मा लावल्याने डोळ्यांना चष्म्याची सवय लागत नाही. नंबर असतो म्हणून चष्मा लागतो. सीपॅपचेही तसेच. ते नुसती हवा थोड्या दाबाने आत सोडते, फुप्फुसे 'आळशी' होत नाहीत. बंद केले तर आजार होता तिथेच परत येतो, वाढत नाही.

पैशांबाबत चार गोष्टी.

– बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत घरी वापरायच्या सीपॅप मशीनचा खर्च मिळत नाही. तरी पॉलिसीचे कागद काढून विमा कंपनीला लेखी विचारा. केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्तांना सीजीएचएसमध्ये पूर्वपरवानगी घेऊन या मशीनचा खर्च मिळण्याची सोय आहे. इतर नोकरदारांनी आपल्या कार्यालयात वैद्यकीय प्रतिपूर्तीचे नियम पाहावेत.

– अनेक शहरांत मशीन महिन्याच्या भाड्याने मिळते. सगळे पैसे जमेपर्यंत थांबण्यापेक्षा भाड्याने सुरू करणे केव्हाही चांगले. कोणता मास्क जमतो तेही त्यात कळते.

– सप्टेंबर २०२५ मध्ये वैद्यकीय उपकरणांवरील जीएसटी मोठ्या प्रमाणावर कमी होऊन ५ टक्क्यांवर आला. बिलात कोणता दर लावला आहे ते विचारा आणि पक्के बिल घ्या.

– सेकंडहँड मशीन घेताना सावध राहा. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लाखो श्वसनयंत्रे जगभरातून परत मागवली. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. त्यांत पहिल्या पिढीची ड्रीमस्टेशन मशीन होती. ओळखीतून किंवा ऑनलाइन जुने मशीन मिळत असेल, तर मॉडेल आणि सिरियल नंबर कंपनीकडे तपासल्याशिवाय घेऊ नका. मास्क आणि नळी तर नेहमी नवीनच घ्या. दुसऱ्याच्या मशीनवर दाबही दुसऱ्याचा लावलेला असतो, तो तुमच्या तज्ज्ञांकडून बदलून घ्यावा लागतो.

मधल्या आठवड्यांत काय करायचे?

खालच्या गोष्टी उपचाराची जागा घेणार नाहीत, पण मशीन येईपर्यंत धोका कमी करतील. महत्त्वाच्या क्रमाने सांगतो.

*गाडी.* दिवसा पेंग येत असेल, तर मशीन नियमित चालू होऊन झोप उडेपर्यंत गाडी चालवू नका. दुचाकीसुद्धा. लांबचा आणि रात्रीचा प्रवास तर नाहीच. खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तंबाखू मळणे, तोंडावर पाणी मारणे याने झोप हटत नाही, फक्त हटल्यासारखी वाटते. चालवताना डोळे जड झाले, लेन सुटली, मागचे दोन किलोमीटर आठवेनासे झाले, तर सुरक्षित जागी गाडी थांबवा, चहा घ्या आणि पंधरा-वीस मिनिटे झोपा. समृद्धीसारख्या सरळ, लांबच लांब रस्त्यावर ही पेंग अधिकच गाठते. यंत्रावर, उंचीवर, विहिरीवर किंवा विजेचे काम करणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा.

*दारू आणि झोपेच्या गोळ्या.* संध्याकाळची दारू घशाचे स्नायू आणखी सैल करते आणि मेंदूचे जागे करणेही लांबवते. या काळात ती बंदच ठेवा. 'झोप लागत नाही' म्हणून अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. स्वतःच्या मनाने त्या सुरू करू नका. पण वर्षानुवर्षे चालू असतील, तर एकदम बंदही करू नका. डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि झोप आणणारी सर्दीची औषधे घेण्याआधीही विचारा.

*कुशीवर झोपणे.* उताणे झोपल्यावर जीभ आणि टाळू मागे पडतात, त्यामुळे अनेकांचा आजार पाठीवर दुप्पट होतो. रिपोर्टमध्ये उताणे आणि कुशीवर असा वेगळा एएचआय दिलेला असेल तर तो पाहा. जुन्या बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवण्याची युक्ती जुनी आहे आणि कामाची आहे. उशांची चळत लावू नका, मान वाकून घसा आणखी दबतो. त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा किंवा ठोकळे ठेवा.

*नाक.* नाक चोंदलेले असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा स्प्रे वापरा. ॲलर्जी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे घ्या. नाक मोकळे असेल तर पुढे मास्कही सोपा जातो. सोशल मीडियावर तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचे व्हिडिओ फिरतात. ज्याचा घसा झोपेत बंद होतो, त्याने तोंडही बंद करून घेणे धोक्याचे आहे. ते करू नका.

*वजन.* एका मोठ्या अभ्यासात वजन १० टक्के घटल्यावर एएचआय साधारण २६ टक्के कमी होईल, असा अंदाज निघाला होता. शंभर किलोच्या माणसाने दहा किलो कमी करणे हे दोन महिन्यांचे काम नाही, पण रात्रीचे जेवण लवकर आणि हलके करणे, रोज अर्धा तास चालणे हे आजपासून जमते. झोप अपुरी असली की भूकही जास्त लागते. म्हणून वजन हटत नाही याचा सगळा दोष स्वतःला देऊ नका.

*तपासण्या.* बीपी घरी मोजून लिहून ठेवा. साखर आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. थायरॉइड कमी असेल तरी वजन, घोरणे आणि सुस्ती वाढते. छातीत धडधड होत असेल तर ईसीजी काढा. बीपीच्या गोळ्या 'मशीन येणारच आहे' म्हणून बंद करू नका.

*ऑपरेशन.* हर्निया, मोतीबिंदू, दात, काहीही असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपल्याला स्लीप ॲप्निया आहे हे आधी सांगा आणि रिपोर्ट सोबत न्या. भुलेची आणि नंतरची वेदनाशामक औषधे या आजारात जपून द्यावी लागतात.

आणखी एक. घरी ऑक्सिजन सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर लावून झोपणे हा सीपॅपला पर्याय नाही. नळीच बंद असेल तर ऑक्सिजन जाणार कुठून? काही पेशंटमध्ये त्याने शरीरातील कार्बन डायऑक्साइड वाढतो. प्राणायाम दिवसा जरूर करा, पण झोपेत घसा उघडा ठेवण्याचे काम तो करत नाही.

घरच्यांसाठी

टेम्पोवाल्या पेशंटच्या पत्नीसारख्या अनेक जणी, अनेक मुले, रात्र रात्र जागतात. त्यांना मी हे सांगतो. घसा बंद झाला की मेंदूच माणसाला जागे करतो, ती शरीराची सोय आहे. त्यामुळे प्रत्येक वेळी हलवून उठवायची गरज नसते. या आजाराचे नुकसान मुख्यतः महिन्या-वर्षांत साचते. बीपी, हृदयाचे ठोके अनियमित होणे, पक्षाघात, मधुमेह आणि अपघात यांच्याशी त्याचा संबंध आहे. तुम्ही जागून एका रात्रीत ते टळणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी घरात दोन पेंगणारी माणसे होतील.

तुमचा खरा उपयोग वेगळा आहे. मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. कुशीवर वळवा. गाडीची किल्ली तुमच्याकडे ठेवा. 'घोरतोस किती' म्हणून चारचौघांत हसू नका. आणि चिडचिड, विसराळूपणा, कामात लक्ष नसणे हा स्वभाव नसून आजार असू शकतो, हे लक्षात ठेवा. बायकांमध्ये घोरणे कमी आणि थकवा, झोप न लागणे, सकाळची डोकेदुखी जास्त दिसते. म्हणून त्यांचे निदान आणखी उशिरा होते.

केव्हा अजिबात थांबायचे नाही?

पुढीलपैकी काही असेल तर मशीनच्या तारखेची वाट न पाहता तज्ज्ञांना लगेच भेटा : दिवसा बसल्या जागीही धाप लागणे, पायांवर सूज, सकाळी उठल्यावर भान नीट नसणे किंवा तीव्र डोकेदुखी, जागेपणी ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली. अशा काही पेशंटना साधे सीपॅप न पुरता बायपॅप लागते. गाडी चालवताना एकदा जरी डुलकी लागली असेल, तरी ते तातडीचे समजा. गरोदर स्त्रीला हा त्रास असेल तर प्रसूतितज्ज्ञांना कळवा.

माणूस हलवूनही जागा होत नसेल, ओठ निळसर पडले असतील, छातीत दुखत असेल, तोंड वाकडे झाले किंवा हातापायातील शक्ती गेली असेल, तर १०८ ला फोन करा.

मशीन आल्यावर

पहिला आठवडा बहुतेकांना नकोसा वाटतो. दिवसा टीव्ही पाहताना अर्धा तास मास्क लावून सवय करा. मास्कमधून हवा गळत असेल, नाक कोरडे पडत असेल, गुदमरल्यासारखे वाटत असेल, तर मशीन कपाटात टाकण्याआधी फोन करा. मास्कचा आकार, दाब आणि ह्युमिडिफायर यांत बदल करून यातल्या बऱ्याच तक्रारी जातात. लाइट गेली तर मास्क काढून टाका. मास्कला हवा बाहेर जायला छिद्रे असतात, त्यामुळे लगेच गुदमरत नाही, तरी बंद मशीनचा मास्क लावून झोपू नये. भारनियमन असलेल्या गावात मशीन इन्व्हर्टरवर घ्या.

मशीनकडून अपेक्षाही खऱ्या ठेवा. दिवसाची पेंग जाणे, घोरणे थांबणे, सकाळ हलकी होणे यांत त्याचा फायदा स्पष्ट आहे. बीपी थोडेच उतरते, म्हणून गोळ्या चालू राहतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,७१७ हृदयरोगी आणि पक्षाघाताच्या रुग्णांवरील अभ्यासात सीपॅपने पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. मात्र त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी फक्त ३.३ तास वापरले होते. म्हणून मशीन घेणे हे अर्धे काम. रोज, पूर्ण रात्र वापरणे हे उरलेले अर्धे. सौम्य किंवा मध्यम आजारात मशीन अजिबात जमत नसेल, तर दंतवैद्यांकडून खालचा जबडा पुढे धरणारे उपकरण करून घेता येते.

एक प्रश्न आपल्या सगळ्यांसाठी

चाळिशीनंतर वाहन परवान्यासाठी डॉक्टरांचे 'फॉर्म १-ए' प्रमाणपत्र लागते. ते आमच्यासारखे एमबीबीएस डॉक्टरच देतात. त्या अर्जांत फिट येते का, चक्कर येते का, नजर कशी आहे, ऐकू येते का हे असते. झोपेत श्वास थांबतो का, दिवसा पेंग येते का, हे विचारलेले नसते. इंग्लंडमध्ये स्लीप ॲप्नियामुळे दिवसा अतिझोप येत असेल, तर चालकाने परवाना देणाऱ्या खात्याला कळवावे लागते आणि उपचार लागू पडल्यावर तो पुन्हा गाडी चालवू शकतो. आपल्याकडे असा नियम करताना पोटावर पाय येणार नाही, हेही पाहावे लागेल. कारण परवाना जाईल या भीतीने चालक आजार लपवतील, तर नियमाचा उपयोग शून्य.

टेम्पोवाल्या पेशंटचे प्रमाणपत्र दोन वर्षांपूर्वी मीच सही करून दिले होते. डोळे तपासले, बीपी घेतले, झोपेबद्दल एक शब्द विचारला नाही. अर्जात नव्हते म्हणून नाही विचारले, हे कारण मला स्वतःलाच पटत नाही. आता प्रत्येकाला दोन प्रश्न विचारतो : घोरता का? आणि गाडी चालवताना कधी डोळा लागला आहे का?

त्यांच्याशी शेवटी इंजेक्शनवर वाद घातला नाही. एवढेच विचारले, की सीझनच्या दोन महिन्यांत रात्रीच्या किती फेऱ्या होतील? ते म्हणाले, चाळीस. त्यांच्या पत्नी काहीच बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी फोन आला. रात्रीच्या फेऱ्यांना पुतण्याला बसवले होते, आणि मशीन भाड्याने कुठे मिळेल ते विचारत होते. सीझनची कमाई त्यात कमी झाली, हे खरे आहे. पण मशीन लावून तीन आठवडे झाल्यावर ते एकटेच ओपीडीत आले आणि म्हणाले, "डॉक्टर, बाई आता झोपते."

तुमच्या घरात असा रिपोर्ट फाइलमध्ये पडून असेल, तर आज दोनच गोष्टी करा. पेंगणाऱ्या माणसाच्या हातातून गाडी काढून घ्या, आणि मशीन, मग ते विकतचे असो वा भाड्याचे, कोणत्या तारखेला घरी येणार ते ठरवून कॅलेंडरवर लिहा. इंजेक्शनचा विचार त्यानंतरही करता येईल.